गेज बदलले की गाडी थांबते

बी. ए. भाग २

आपल्या वऱ्हाडातील मूर्तिजापूरचे जंक्शन बहुतेक वाचकांनी पाहिले असेल. मुंबईहून नागपूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग तेथून जातो. त्याच्या दोन रुळांतील अंतर पाच फूट सहा इंच. याच स्थानकातून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ गाठणारी 'शकुंतला' सुटत असे. तिच्या रुळांतील अंतर अवघे दोन फूट सहा इंच. शकुंतलेची चाके आता थांबली आहेत, पण तिने शिकवलेला धडा जुना झालेला नाही. यवतमाळकडून कापूस घेऊन आलेला डबा मूर्तिजापूरला थेट मुंबईच्या रुळांवर चढू शकत नसे. डबा धड, माल उत्तम. तरीही माल उतरवायचा आणि दुसऱ्या डब्यात भरायचा! दोष मालाचा नव्हता, दोन मार्गांचे माप वेगळे होते, एवढेच.

संगणकावर आम्हाला गेल्या वर्षी असाच अनुभव आला. मी कला शाखेचा विद्यार्थी. या विषयात माझा अधिकार नाही. परंतु ज्या चुका आम्ही केल्या त्या दुसऱ्या कोणी करू नयेत, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

प्रथम दोन शब्दांची ओळख करून घेऊ. इंटरनेटवरील पाने ज्या साधनातून आपण पाहतो ते साधन म्हणजे ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी ही त्यांतील परिचित नावे. या ब्राउझरला जोडून त्याच्या अंगी एखादे जादा काम आणणारा छोटा प्रोग्राम म्हणजे एक्स्टेन्शन. परीक्षेत मुख्य उत्तरपत्रिका भरली की आपण पुरवणी घेतो आणि दोऱ्याने बांधतो, तसेच हे आहे. पुरवणीला स्वतंत्र अस्तित्व नाही. ती उत्तरपत्रिकेला बांधली तरच तपासली जाते. मात्र बांधण्यासाठी छिद्रे जुळावी लागतात.

आमची गरज साधी होती. जुने मराठी गद्य वाचताना दर ओळीला शब्द अडतो. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश आणि य. रा. दाते प्रभृतींचा 'महाराष्ट्र शब्दकोश' इंटरनेटवर सर्वांना खुले केले आहेत. दात्यांच्या कोशात तर वऱ्हाडी शब्दांपुढे 'व.' अशी खूण असते. आपल्या घरात आजी वापरते तो शब्द कोशात सापडला म्हणजे होणारा आनंद काही वेगळाच! पण दर वेळी शब्द लिहून घ्या, कोशाचे पान उघडा, तेथे तो पुन्हा टाका, यात वाचनाची लय मोडते. म्हणून अकोल्यास संगणकशास्त्र शिकणारा माझा मावसभाऊ आणि मी, असे दोघांनी एक एक्स्टेन्शन तयार केले. शब्द निवडावा, माऊसचे उजवे बटण दाबावे, 'कोशात पाहा' म्हणावे, की नव्या पानावर अर्थ हजर.

त्याच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये ते झकास चालले. मी ते पेनड्राइव्हवर घेऊन अमरावतीस आलो आणि महाविद्यालयाच्या संगणकावर फायरफॉक्समध्ये घातले, तर ते चढेचना. फोन केला तेव्हा भावाचे उत्तर ठरलेले: "माह्याकडं तं बराबर चालते!" त्याचे म्हणणे खरे होते, आणि माझेही. अडचण कोठे आहे हे शोधण्यात आमचे चार दिवस गेले. शेवटी चूक आमचीच निघाली.

प्रत्येक एक्स्टेन्शनमध्ये 'मॅनिफेस्ट' नावाची एक फाइल असते. तिला आपण प्रवेशअर्ज म्हणू. नाव काय, आवृत्ती कोणती, कोणती कामे करण्याची परवानगी हवी, पडद्यामागे काम करणारी फाइल कोणती, हे सारे त्यात लिहावे लागते. या अर्जाचा जो तिसरा नमुना आता प्रचलित आहे, त्यात पडद्यामागच्या कामासाठी क्रोम 'सर्व्हिस वर्कर' नावाची व्यवस्था मागते, तर फायरफॉक्स 'स्क्रिप्ट्स' या रकान्यात फाइलचे नाव मागते. आम्ही पहिलाच रकाना भरला होता. अर्ज अपुरा, म्हणून प्रवेश नाही!

उपाय सोपा निघाला. दोन्ही रकाने भरायचे. क्रोम आणि फायरफॉक्स यांच्या १२१ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ अखेर व २०२४ च्या आरंभापासून, प्रत्येक ब्राउझर आपल्या कामाचा रकाना घेतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो. त्याआधीच्या क्रोमला मात्र तो दुसरा रकाना दिसला की ते सारा अर्जच नाकारत असे.

दुसरी बाब हाकेची. ब्राउझरकडून काम करून घेताना त्याला नावाने हाक मारावी लागते. क्रोमने पहिल्यापासून 'क्रोम' हे नाव ठेवले; फायरफॉक्सने 'ब्राउझर' हे नाव घेतले, पण 'क्रोम' या हाकेलाही ते ओ देते. उलट बाजूने तसे गृहीत धरता येत नाही. 'ब्राउझर' या एकाच नावावर विसंबून लिहिलेले एक्स्टेन्शन क्रोमच्या जुन्या आवृत्त्यांत पहिल्याच ओळीला अडखळते. म्हणून कोणते नाव उपलब्ध आहे हे आरंभीच तपासावे आणि मग पुढे जावे.

तिसरा प्रसंग मजेचा आहे. दुरुस्ती करून एक्स्टेन्शन फायरफॉक्समध्ये चालू केले, मित्रांना दाखवले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो ते गायब! चौकशीअंती कळले की मोझिलाची स्वाक्षरी नसलेले एक्स्टेन्शन फायरफॉक्स केवळ चाचणीपुरते घेते आणि बंद होताना सोडून देते. कायमचे ठेवायचे तर ते मोझिलाकडे पाठवून स्वाक्षरी घ्यावी लागते. तेथे शुल्क नाही. क्रोमच्या दुकानात नोंदणीसाठी एकदाच पाच डॉलर भरावे लागतात. सफारीसाठी एक्स्टेन्शन अॅपच्या वेष्टनात द्यावे लागते आणि अॅपलच्या सभासदत्वाला वर्षाला नव्व्याण्णव डॉलर पडतात. तांत्रिक माप जुळले तरी प्रत्येक फाटकावरचा नियम आणि तिकीट वेगळे, हे यातून लक्षात यावे.

एवढे झाल्यावर आपण जिंकलो असे आम्हाला वाटले. तेव्हा वर्गातील एका मैत्रिणीने विचारले, "माझ्या मोबाइलवर कसं टाकायचं?" या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. आमच्या वर्गात लॅपटॉप असणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. माझ्या घरीही एकच मोबाइल आहे, तोच संगणक आणि तेच ग्रंथालय. ज्यांच्यासाठी हे केले, त्यांचाच विचार आम्ही सर्वांत शेवटी केला होता.

मोबाइलची स्थिती अशी. अँड्रॉइडवरील क्रोम एक्स्टेन्शन घेतच नाही. अँड्रॉइडवरील फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ पासून आपले दार सर्व एक्स्टेन्शनांना उघडले. पण तेथे माऊस कोठे आणि उजवे बटण कोठे? आमचा सारा डोलारा त्या बटणावर उभा होता. तेव्हा आम्ही तो पाडला. आता शब्द निवडला की त्याच्याजवळच 'अर्थ' अशी लहान कळ दिसते. तिच्यावर बोट ठेवले की कोश उघडतो. यासाठी पडद्यामागची फाइल लागतच नाही. ज्या रकान्यासाठी चार दिवस घालवले, तो रकानाच अर्जातून गेला! ब्राउझरकडे विशेष सोयी जितक्या कमी मागाव्या, तितके एक्स्टेन्शन अधिक ठिकाणी चालते, हा या खटाटोपातून मिळालेला मोठा धडा होय.

हे सारे ब्राउझर एकच माप का ठरवीत नाहीत, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्या दिशेने पावले पडली आहेत. फायरफॉक्सने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपली जुनी पद्धत सोडली आणि क्रोमशी मिळतीजुळती पद्धत स्वीकारली. एज २०२० साली क्रोमच्याच पायावर उभे राहिले. सफारीने त्याच वर्षी ही पद्धत जवळ केली. जून २०२१ मध्ये या चारही ब्राउझरांच्या कंपन्यांनी डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेच्या आश्रयाखाली एक सामाईक गट स्थापला. भारतीय रेल्वेनेही १९९२ साली एकगेज प्रकल्प हाती घेतला होता. आपल्या अकोल्याहून पूर्णेकडे जाणारा मीटरगेज मार्ग ब्रॉडगेज झाला आणि प्रवाशांची गाडी बदलण्याची यातायात संपली. मात्र शकुंतलेच्या वाटेवरची गावे अजून वाट पाहत आहेत. एक माप ठरणे आणि ते शेवटच्या गावापर्यंत पोहोचणे यांत वर्षे जातात, हे आपण वऱ्हाडकरांनी कोणाला सांगावयास नको.

तोपर्यंत काय करावे? आम्ही एक्स्टेन्शनच्या जोडीला एक साधे पान तयार केले. त्यात एक चौकट आणि एक कळ. शब्द चिकटवावा, कळ दाबावी. त्यात ऐट नाही, पण ते कोणत्याही ब्राउझरमध्ये आणि कोणत्याही मोबाइलवर उघडते. त्या मैत्रिणीने परवा याच पानावरून एक शब्द शोधला आणि त्यापुढची 'व.' ही खूण मला मुद्दाम दाखवली. तिच्या गावात तो शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. पण तो कोशात असेल असे तिला वाटले नव्हते.

आमच्या महाविद्यालयातील कोणी पुढे असे काही करावयास घेतले, तर त्यांनी पहिली ओळ लिहिण्यापूर्वी आपल्या वर्गात एक फेरी मारावी आणि कोणाच्या हातात कोणते यंत्र आहे ते पाहून यावे. आम्ही ही फेरी शेवटी मारली. ती आधी मारली असती, तर चार दिवसच नव्हे, सारा पहिला प्रयत्न वाचला असता.