कर्जत-खालापूरला शिफ्ट व्हायचंय? राजीनामा देण्याआधी हे पाच हिशोब वहीत मांडा



पाऊस पडला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "सर, शनिवार-रविवार कर्जतला गेलो होतो. काय हिरवळ, काय हवा! नोकरी सोडून तिकडेच राहायला जावं आणि होमस्टे किंवा छोटं हॉटेल टाकावं असं वाटतंय. करू का?"

माझं उत्तर "हो" पण नसतं आणि "नाही" पण नसतं. मी विचारतो, "वही कुठंय?" कारण आपण गाव बघतो जुलैमध्ये, आणि घरभाडं मात्र बारा महिने भरायचं असतं. व्हिडिओत वेळेअभावी आकडे भरभर सांगितले होते. इथे सावकाश मांडतो. पैशांचे आकडे उदाहरणाचे आहेत, त्या जागी तुमचे आकडे टाका. पद्धत तीच ठेवा.

हिशोब पहिला : खरंच किती वाचतं?

समजा, ठाण्यात तुम्ही 22,000 रुपये भाडं देता आणि कर्जतमध्ये तसंच घर 9,000 ला मिळालं. लगेच आपण म्हणतो, महिन्याला 13,000 वाचले! थांबा. आता वाढणारे खर्च लिहा.

- दुचाकीचं पेट्रोल आणि देखभाल : 3,000
- मुलांची शाळेची व्हॅन : 2,000
- रेल्वेचा पास आणि स्टेशनपर्यंतची रिक्षा : 1,500
- इन्व्हर्टर, उन्हाळ्यातलं विकतचं पाणी (वर्षाची सरासरी) : 1,000
- मोठ्या डॉक्टरांसाठी, खरेदीसाठी शहरात फेऱ्या : 1,000

बेरीज झाली 8,500. म्हणजे खरी बचत 13,000 नाही, 4,500 आहे. वाईट नाही, पण 4,500 च्या भरवशावर राजीनामा देता येत नाही. आणि घर स्टेशनपासून आत गावात असेल, तर रात्री मिनीडोर किंवा रिक्षा मिळते का हे स्वतः जाऊन बघा. एजंट "स्टेशनपासून दहा मिनिटं" म्हणतो, ती दहा मिनिटं त्याच्या गाडीची असतात.

हिशोब दुसरा : लोकलचे तास

कर्जत स्टेशन मुंबई सीएसएमटीपासून साधारण 100 किलोमीटर आहे. लोकलने दोन तासांहून जास्त लागतात. खोपोली त्याच्याही पुढे. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत जाणारा तो फाटा आहे. तिथे गाड्या मोजक्या, एक चुकली की बराच वेळ बसावं लागतं.

घरापासून ऑफिसपर्यंत जाऊन-येऊन रोज पाच तास धरा. महिन्याचे 24 दिवस म्हणजे 120 तास. आठ तासांच्या कामाचे 15 दिवस झाले! म्हणजे "नोकरी चालू ठेवून संध्याकाळी धंदा बघेन" हे गणित सीएसएमटीच्या नोकरीवर बसत नाही. नोकरी ठाणे, कल्याण, बदलापूरकडे असेल किंवा आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जायचं असेल, तर बसू शकतं.

पावसाचाही विचार करा. जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती. आतल्या प्रवाशांना बोटीने बाहेर काढावं लागलं. असं रोज होत नाही, पण पावसाळ्यात काही दिवस कामावर पोहोचता येणार नाही, हे धरूनच चला. पनवेल-कर्जत नव्या लोकल मार्गाचं नाव सांगून जागा विकणारे खूप भेटतील. तुमचा नियम एकच ठेवा : जी गाडी आज धावते, तिच्यावरच हिशोब मांडायचा.

हिशोब तिसरा : गिऱ्हाईक कोणत्या वारी येतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा. दोन खोल्यांचा होमस्टे घेऊ. मुख्य रात्र शनिवारची. वर्षात 52 शनिवार, दोन खोल्या, म्हणजे 104 रात्री. त्यातल्या 70 भरल्या, दर 2,000. झाले 1,40,000. आडवारच्या 30 रात्री 1,500 ने, म्हणजे 45,000. एकूण 1,85,000.

यातून वीज, धुलाई, साफसफाई, बुकिंग ॲपचं कमिशन, डागडुजी असा 40 टक्के खर्च काढा. उरले 1,11,000, म्हणजे महिन्याला साधारण 9,250. घरखर्च जर 30,000 असेल, तर हा होमस्टे घर चालवत नाही. तो जोडधंदा आहे, हे आधीच कबूल करा.

माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी नेरळच्या पलीकडे नदीकाठची जागा भाड्याने घेऊन तंबू टाकले. जुलैचे चारही आठवडे फुल! ॲडव्हान्स आला, त्यातून अजून तंबू घेतले. मग जोरदार पाऊस झाला, आणि आसपासच्या धबधब्यांवर जाण्यास मनाई झाली. बुकिंगं पटापट रद्द. ॲडव्हान्स परत करायला मला घरातले पैसे काढावे लागले. मनाई बरोबरच होती, लोकांच्या जिवाचा प्रश्न होता. चूक माझी होती. तेव्हा शिकलो की ॲडव्हान्स ही कमाई नाही. पाहुणा येऊन, राहून, समाधानाने गेला की मग ती कमाई.

मग काय करायचं? पर्यटक सोडून बघा. या दोन तालुक्यांत गिऱ्हाईक तीन प्रकारचं आहे.

1. दोन दिवसांचं : माथेरान, कोंढाणे लेणी, पेठचा किल्ला, इमॅजिकाकडे येणारे पर्यटक. पैसे रोख, पण हंगामी.
2. महिन्याचं : सेकंड होम आणि फार्महाऊसवाले. मालक मुंबई-पुण्यात, बंगला इथे. बाग, टाकी, वायरिंग, साफसफाई बघायला विश्वासू माणूस हवा असतो. समजा 12 बंगले, प्रत्येकी 1,500, तर 18,000 दरमहा. तेही पाऊस-ऊन न बघता!
3. रोजचं : खोपोली, पाताळगंगा, रसायनी पट्ट्यातले कारखान्यांचे कामगार आणि नेरळ-कर्जतच्या नव्या इमारतींतली कुटुंबं. डबा, टेलरिंग, दुरुस्ती, शिकवणी. इथे नफा थोडा, पण रोजचा. महडच्या वरदविनायकाला येणारे भाविकही यातच धरा, चतुर्थीची गर्दी वेगळी.

एक सावधानता. कंपनीला डबे दिले की उधारी येते. उद्यम नोंदणी करून घ्या, ती सरकारी पोर्टलवर मोफत होते. लघुउद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायला हवं, असं 2006 चा कायदा सांगतो. तरीही दोन महिन्यांचं किराणा आपल्या खिशातून भरता येईल एवढं खेळतं भांडवल ठेवा.

हिशोब चौथा : जागा, पाणी, डोंगर

आधी भाड्याने राहा, विकत नंतर घ्या. कारणं ऐका.

महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि इथे ठाकूर-कातकरी वाड्या भरपूर आहेत. माथेरानभोवतीचा पट्टा 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे बांधकामाला बंधनं आहेत. म्हणून सातबारा स्वतः काढा, बिनशेती आहे का बघा, आणि टोकन देण्याआधी वकिलाला दाखवा. "सगळं होऊन जातं" म्हणणाऱ्याला एकही रुपया देऊ नका.

पाण्याची गंमत बघा. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र 1915 चं आणि भिवपुरीचं 1922 चं. तिथून सोडलेलं पाणी पाताळगंगेला आणि पेज नदीला मिळतं, म्हणून काठ मे महिन्यातही हिरवा दिसतो. त्यावरून फसू नका. नदीपासून थोडं लांब गेलात की विहिरीचा तळ दिसतो. जागा बघायला मे महिन्यात जा, आणि शेजारच्या काकूंना विचारा, "पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं?" तेवढी खरी माहिती ब्रोशरमध्ये नसते.

आणि डोंगर. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. कितीतरी कुटुंबं गेली. उताराखालची स्वस्त जागा बघताना हे विसरू नका. व्ह्यूसाठी पाहुण्यांचा आणि आपल्या लेकरांचा जीव टांगणीला लावायचा नाही.

हिशोब पाचवा : राखीव पैसा

धंद्याचं भांडवल वेगळं, घराचं वेगळं. घरखर्च 30,000 असेल तर नऊ महिन्यांचे 2,70,000 बाजूला हवेत. नऊच का? एक पावसाळा आणि एक उन्हाळा पार पडल्याशिवाय खरा हंगाम कळत नाही. या पैशांतून तंबू, फ्रीज, पाटी, काहीही घ्यायचं नाही.

कर्ज लागलंच तर पीएमईजीपीची चौकशी करा. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के आणि महिलांसह विशेष गटांना 35 टक्के अनुदान आहे. पण ते कर्जच आहे, आणि हप्ता गिऱ्हाईक नसलेल्या महिन्यातही येतो.

मग निर्णय कसा घ्यायचा?

सोपा नियम. घरातल्या एकाचा नियमित पगार चालू, नऊ महिने बाजूला, आणि महिन्याचं किंवा रोजचं गिऱ्हाईक किमान अर्धा घरखर्च भागवतंय, हे तिन्ही असेल तर या. दोनच असतील तर सहा महिने थांबा. एकच असेल, तर शनिवार-रविवारचे पाहुणे म्हणूनच या, गरम वडापाव खा, मजा करा. त्यात कमीपणा काही नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

एका मंगळवारी कर्जत किंवा खोपोलीला जा. शनिवारी नाही, मंगळवारी! सकाळी आठ ते रात्री आठ बाजारात थांबा. कोणत्या दुकानात गिऱ्हाईक आहे, कुठे मालक माशा मारतोय, ते लिहा. तीन दुकानदारांना विचारा, "दादा, मे महिन्यात धंदा कसा असतो?" आणि कुठली गोष्ट आणायला लोकांना कल्याण-पनवेलला जावं लागतं, तेही विचारा. तुमचा धंदा बहुतेक त्याच उत्तरात सापडेल.

वही भरली की तुमचे आकडे मला कळवा, पुढच्या व्हिडिओत दोन-तीन हिशोब आपण मिळून तपासू. निसर्ग कुठे जात नाही मित्रांनो, पण साठवलेला पैसा एकदा गेला की परत जमवायला वर्षं लागतात.

भेटूया पुढच्या भागात.