स्मृतीचीं कुलुपें व धाग्याची पाटी

आपल्या जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. अशी आपणां सर्वांची माहिती आज कोणत्या ना कोणत्या संगणकाच्या स्मृतींतून जात असते. ती स्मृति राखण्याचा एक उपाय येथें पाहूं.

एका प्रोग्राममध्यें अनेक धागे, म्हणजे थ्रेड, काम करितात. त्यांची स्मृति समाईक असते. त्यामुळें एका धाग्याच्या चुकीनें दुसऱ्याचें गुपित फुटूं शकतें. २०१४ सालीं उघडकीस आलेल्या हार्टब्लीड नामक दोषामुळें सर्व्हरच्या स्मृतींतील गुप्त मजकूर बाहेरच्यास वाचतां येत असे.

यावर इंटेलनें प्रोसेसरांतच एक योजना केली व २०१६ सालीं लिनक्सनें ती स्वीकारली. ती समजण्यास वसतिगृहाची उपमा घ्या. खोल्या म्हणजे स्मृतीचीं पानें. व्यवस्थापक, म्हणजे कर्नल, प्रत्येक खोलीस १६ रंगांपैकीं एका रंगाचें कुलूप लावितो. कोणत्या रंगाची खोली आपणांस बंद आहे, हें प्रत्येक विद्यार्थ्याच्या पाटीवर लिहिलेलें असतें. कुलुपें सर्वांचीं एक; पाटी मात्र ज्याची त्याची.

ही पाटी म्हणजे ३२ बिटांचें एक रजिस्टर. प्रत्येक रंगास दोन बिट. एक वाचन व लेखन दोन्ही रोखतो, दुसरा केवळ लेखन. मनाई मोडतांच प्रोसेसर धाग्यास थांबवून कर्नलला वर्दी देतो.

परंतु प्रोसेसरच्या एका गाभ्यांत एका वेळीं एकच पाटी टांगतां येते. म्हणून धागा बदलतांना कर्नल जाणाऱ्याची पाटी जपून ठेवितो व येणाऱ्याची लावितो. येथें चूक झाल्यास एकाचा अधिकार दुसऱ्यास मिळेल. नवा धागा जन्मदात्याच्या पाटीची नक्कल घेऊन निघतो. मध्येंच सिग्नल आल्यास तो हाताळण्यापुरती कर्नल ठराविक पाटी देतो व काम संपतांच पूर्वीची परत करितो.

पाटीवरील अक्षर बदलण्यास धाग्याला कर्नलची परवानगी लागत नाहीं. त्यामुळें काम झटपट होतें. गुपित हवें तेवढाच क्षण उघडून पुन्हां झांकतां येतें. मात्र ज्या शत्रूनें धाग्याचा पुरता ताबा घेतला, तोहि पाटी पुसूं शकतो. सबब हें कुलूप मुख्यतः चुकीपासून रक्षण करितें. कुलूप व्यवस्थापकानें लाविलें, तरी पाटी स्वच्छ राखणें ज्याचें त्यालाच करावें लागतें, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.