जुनं मिलिंग मशीन घरी आणताना

फायनल इयर आलं की होस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये हा विषय एकदा तरी निघतोच. नोकरी नको, घरामागच्या शेडमध्ये मशीन टाकू, जॉबवर्क करू! लेथ सगळ्यांना सुचतो. पण की-वे, खाचा, चौकोनी ठोकळे यांना मिलिंग लागतं आणि नवीन मशीन घरच्यांच्या ऐपतीत बसत नाही. मग वापरलेलं शोधायचं. इथे टरेट मिलिंगचा विचार केला आहे. अमेरिकेत ब्रिजपोर्टने १९३८ मध्ये आणलेला हा नमुना आपल्या टूलरूममध्ये 'एम-वन-टी-आर' नावाने ओळखला जातो.

बघायला जाल तेव्हा रंगावर जाऊ नका. जुन्या मशीनला नवा रंग मारणं हे सगळ्यात स्वस्त काम. टेबल मधोमध सैल आणि टोकांना जड फिरतंय का ते पाहा. तसं असेल तर स्लाइड मध्येच झिजली आहे. गिब आवळून मधला भाग घट्ट कराल, तर टोकाला टेबल अडकेल. नुसता स्क्रूचा बॅकलॅश असेल तर फार घाबरायचं कारण नाही, तो डायल लावून मोजा आणि लिहून ठेवा.

मशीन साधारण टनभराचं आणि वजन वरच्या अंगाला. त्यामुळे हलवताना नी पूर्ण खाली, रॅम आत आणि हेड उलटं फिरवून खाली घ्यायचं. पाइपांवरून सरकवताना पहारेने थोडं उचललं की लगेच लाकडी पॅकिंग सरकवा. बेसखाली हात कुणीही घालायचा नाही, 'एकच मिनिट' म्हणूनसुद्धा नाही.

आता खरी अडचण, वीज. मोटर थ्री फेज, घरी सिंगल फेज. व्हीएफडी घेतला की झालं, असं आपण म्हणतो. पण २३० व्होल्ट सिंगल फेज घेणारा साधा व्हीएफडी २३० व्होल्टचेच तीन फेज देतो, ४१५ चे नाही. सेकंड इयरचं इलेक्ट्रिकल आठवा. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगवर ४१५ भागिले १.७३२, म्हणजे सुमारे २४० व्होल्ट येतात. तेच वाइंडिंग डेल्टात जोडलं की २३० वर नीट चालतं. सहाही टर्मिनल बाहेर असतील आणि नेमप्लेटवर दोन्ही व्होल्टेज असतील तर पट्ट्या बदलल्या की काम झालं. नेमप्लेट ४१५ डेल्टा म्हणत असेल तर हा मार्ग बंद, मोटर बदला. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये मशीनचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ठेवू नका. वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग हवंच. आणि हो, मेन बंद केल्यावरही व्हीएफडीतले कपॅसिटर काही वेळ चार्ज असतात. झाकण उघडायची घाई नको. या कामाला गावातला जाणता वायरमन सोबत घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

लेव्हलचा बाऊ मात्र थोडा जास्तच होतो. लेथचा लांब बेड पिळला जातो, मिलिंगचा कॉलम तेवढा नाही. चारही पाय टेकले पाहिजेत आणि मशीन डुलता कामा नये. शिम घालून तेवढं साधा.

खरा वेळ द्यायचा तो हेडला. मेन बंद करून स्पिंडलमध्ये डायल धरा आणि हाताने २०० मिमीचं वर्तुळ फिरवा. टी-स्लॉटमध्ये डायलचं टोक पडतं. त्यावर उपाय म्हणजे मोठ्या जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस टेबलावर ठेवून तिच्यावरून फिरवायचं. डाव्या-उजव्या बाजूत ०.१ मिमी फरक राहिला तर ५० मिमीच्या कटरखाली तो ०.०२५ होतो. पुढे-मागे फेस करताना शेजारच्या दोन पासांमध्ये नखाला लागेल अशी पायरी दिसेल. बोल्ट आवळल्यावर रीडिंग पुन्हा घ्या, कारण आवळताना हेड हलतं. मग पुढे-मागे तपासा आणि शेवटी व्हाइसचा स्थिर जबडा डायलने सरळ करा.

सुरुवात अप-मिलिंगनेच करा. डाउन-मिलिंगमध्ये कटर जॉबला फीडच्याच दिशेने ओढतो. स्क्रूत अर्धा मिलिमीटर मोकळीक असेल तर टेबल तेवढं झटक्यात पुढे जातं आणि कटर तुटतो. जे स्लाइड त्या कटला लागत नाहीत ते लॉक करा, गॉगल घाला आणि पहिला कट माइल्ड स्टीलवर अर्ध्या मिलिमीटरचा घ्या.