पिष्टान्न, प्रथिने आणि अग्नी : घरगुती पिठांचा अष्ट-आयतनांच्या आधारे विचार

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांमध्ये आहाराचे स्थान पहिले आहे. औषधाची योजना करताना आपण वैद्य मात्रा, अनुपान व काल यांचा बारकाईने विचार करतो. रुग्णाने 'अशक्तपणासाठी काय खाऊ?' असे विचारले की मात्र आपले उत्तर बहुधा त्रोटक असते. मग रुग्ण औषधी दुकानात जातो आणि प्रथिनांच्या भुकटीचा डबा घेऊन घरी येतो. महिन्याच्या किराण्यातून त्या डब्याचे पैसे वजा होतात व घरातील डाळ पातळ होते. म्हणजे एकाचे बल वाढविण्याच्या प्रयत्नात साऱ्या कुटुंबाचे बल घटते. या लेखात आम्ही नागपूर व विदर्भात सहज मिळणाऱ्या धान्य-कडधान्यांच्या पिठांचा विचार करीत आहोत. चिकित्सक व औषधी-विक्रेते या दोघांनाही तो उपयोगी पडावा.

गरज किती, आणि तूट किती?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीस ती सुमारे ४६ ग्रॅम व ६५ किलोच्या पुरुषास सुमारे ५४ ग्रॅम होतात. गर्भिणीस शेवटच्या तीन महिन्यांत याहून सुमारे २२ ग्रॅम अधिक हवीत.

आता एक साधा हिशेब मांडू. एखादी स्त्री दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, ७५ ग्रॅम तांदळाचा भात आणि २५ ग्रॅम डाळीचे वरण घेते असे समजू. ज्वारीतून सुमारे २० ग्रॅम, भातातून ६ ग्रॅम व डाळीतून ५ ग्रॅम मिळून एकूण ३१ ग्रॅम प्रथिने होतात. तूट १५ ग्रॅमची आहे. ही तूट पिठातून भरून काढता येते का, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

अष्ट आहारविधिविशेषायतने व पीठ

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराचे बरेवाईट फल ठरविणारी आठ आयतने सांगितली आहेत. पिठाच्या बाबतीत ती तंतोतंत लागू पडतात.

१. प्रकृती : द्रव्याचा स्वभाव प्रथम पाहावा. शमीधान्यांत मूग श्रेष्ठ व लघु आहे. हरभरा रूक्ष व वातकर आहे. उडीद गुरु, स्निग्ध व बल्य, तर कुळीथ उष्ण आहे. सोयाबीनचा उल्लेख आपल्या संहितांत नाही. विदर्भात गेल्या काही दशकांत त्याचा पेरा मोठ्या प्रमाणावर वाढला. तैलांश व पचण्यास लागणारा वेळ पाहता ते गुरु मानूनच वापरावे. दर १०० ग्रॅममागे प्रथिने साधारणतः अशी : सोयाबीन ३८, शेंगदाणे २५, सालीविना मूगडाळ २४, उडीदडाळ २३, कुळीथ २२, हरभराडाळ २१, जवस २०, राजगिरा १३, गव्हाची कणीक ११, ज्वारी १०, तांदूळ ८, नाचणी ७ ग्रॅम.

येथे एक गैरसमज दूर करावा लागतो. नाचणी अस्थिधातूच्या पोषणास उत्तम, कारण तीत कॅल्शियम भरपूर आहे; परंतु प्रथिनांसाठी ती पुरेशी नाही. आरारूट व शिंगाड्याची पिठे प्रामुख्याने पिष्टमय आहेत. लंघनानंतर ती चालतात, पण धातुक्षीण रुग्णास केवळ त्यांवर ठेवणे योग्य नव्हे.

२. करण : करण म्हणजे संस्कार. पिठाचे खरे मूल्य येथे ठरते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात. ते उष्णतेने निष्क्रिय होतात. म्हणून सोयाबीन थेट गिरणीवर देऊ नये. स्वच्छ केलेले दाणे उकळत्या पाण्यात टाकून २५ मिनिटे उकळावेत, पाणी टाकून द्यावे, साली चोळून काढाव्यात, दाणे कडक उन्हात पूर्ण वाळवावेत, मंद आचेवर भाजावेत आणि मगच दळावेत. हरभराडाळ व मूगडाळही खमंग भाजूनच दळावी. भर्जनाने धान्य लघु होते, हे लाह्यांच्या उदाहरणावरून आपण जाणतोच. मोड आणून, वाळवून व भाजून दळलेले मूग याहूनही सुपाच्य होतात.

३. संयोग : तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर कडधान्यांत मेथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र आली म्हणजे एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भात, खिचडी, भाकरी-झुणका या आपल्या जोड्या म्हणूनच शास्त्रशुद्ध आहेत. डाळीच्या रूक्षतेस स्नेहाची व दीपन द्रव्यांची जोड हवी. हिंग, ओवा, जिरे व सुंठ ही पिठातील केवळ चवीची द्रव्ये नव्हेत. ती त्या कल्पाचा अविभाज्य भाग होत.

४. राशी : मात्रा दोन प्रकारची असते, एकूण आहाराची व एकेका द्रव्याची. सोयाबीनचे पीठ एकूण पिठाच्या दहाव्या भागापेक्षा अधिक घालू नये. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पिष्टमय पदार्थ गुरु सांगून जेवणावर ते न खाण्याचा व भुकेल्या माणसानेही मात्रेनेच खाण्याचा उपदेश आहे. म्हणून ही पिठे नेहमीच्या जेवणाच्या जागी द्यावीत, जेवणावर भर म्हणून नव्हे.

५. देश : भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात लाखोळी पिकते. ती स्वस्त व प्रथिनसमृद्ध आहे. मात्र दुष्काळात तीच मुख्य अन्न झाली म्हणजे पायांचे बल जाते, असा अनुभव आहे. कलायखंज ही व्याधी सुश्रुताचार्यांनी वर्णिली असून भावमिश्रांनी त्रिपुटाचा संबंध खंज व पंगुत्वाशी जोडला आहे. या डाळीत चेतासंस्थेस अपायकारक असे एक अमिनो आम्ल असते. गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकल्याने ते कमी होते, पण पूर्णतः नाहीसे होत नाही. १९६१ पासून तिच्या विक्रीवर निर्बंध आले. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठविण्यासाठी दीर्घकाळ लढा दिला आणि २०१६ मध्ये कमी विषारी वाणांबाबत शिथिलतेची शिफारस तज्ज्ञ पातळीवर झाली. या वादात न पडता आमचे सांगणे एवढेच, की रुग्णाच्या पिठात लाखोळी नको. स्वस्त तयार बेसनात तिची भेसळ होऊ शकते. म्हणून अखंड हरभराडाळ निवडून घ्यावी व आपल्या डोळ्यांदेखत दळून आणावी.

६. काल : नागपूरचा उन्हाळा सर्वपरिचित आहे. ग्रीष्मात शीत व शर्करायुक्त मंथ सांगितला आहे, आणि सातू हा त्याचा मुख्य घटक होय. वर्षा ऋतूत मात्र उदमंथ वर्ज्य आहे. म्हणजे वैशाखात हितकर असलेले सातूचे सरबत आषाढात बंद करावे. पावसाळ्यात पिठेही लवकर खवट होतात. सोयाबीन व शेंगदाण्याचे पीठ तेव्हा आठ दिवसांपुरतेच करावे. एरवी पंधरा दिवसांपुरते पुरे. बुरशी लागलेला, कडवट दाणा वेचून टाकावा, कारण त्यातील विष भाजल्यानेही जात नाही.

७. उपयोगसंस्था : सेवनाचे नियम. सातूविषयी सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात स्पष्ट निर्देश आहेत : नुसता खाऊ नये, रात्री घेऊ नये, जेवणानंतर घेऊ नये, फार घेऊ नये, दिवसातून दोनदा घेऊ नये, मध्ये पाणी पीत घेऊ नये व दातांनी चावून खाऊ नये. सातू देणाऱ्या प्रत्येकाने हे नियम लिहून द्यावेत.

८. उपयोक्ता : शेवटी खाणारा कोण, हे पाहावे. जिभेवर साम लेप, अरुची व जडत्व असताना प्रथिनांचा भार लादणे म्हणजे आमवृद्धीच होय. तेथे प्रथम दीपन-पाचन, नंतर पेया, विलेपी, अकृत व कृत यूष हा संसर्जन क्रम आणि मग पीठ.

चार कल्प

(अ) मिश्र भाकरी-पीठ : ज्वारी ६०० ग्रॅम, भाजलेली हरभराडाळ २०० ग्रॅम, भाजलेली मूगडाळ १०० ग्रॅम, वरीलप्रमाणे संस्कारित सोयाबीन १०० ग्रॅम, ओवा व जिरे प्रत्येकी १० ग्रॅम. एकत्र दळावे. १०० ग्रॅममध्ये सुमारे १६ ग्रॅम प्रथिने मिळतात. गरम पाण्याने मळून भाकरी करावी. थापताना तुटत असल्यास थालीपीठ लावावे.

(आ) सातू : भाजलेले गहू ५०० ग्रॅम, फुटाण्याची डाळ ५०० ग्रॅम, जिरे १० ग्रॅम, सुंठ ५ ग्रॅम. बारीक दळून चाळावे. सकाळी ४० ग्रॅम सातू, पेलाभर दूध व थोडी साखर. यातून सुमारे १३ ग्रॅम प्रथिने मिळतात.

(इ) गोळाभात : विदर्भाचा हा पदार्थ सणापुरता राहू नये. ६० ग्रॅम हरभराडाळीच्या भरड्यात तेलाचे मोहन, हळद, तिखट, हिंग, ओवा व मीठ घालून घट्ट गोळे करावेत. १०० ग्रॅम तांदळाचा भात अर्धा शिजत आल्यावर त्यात गोळे ठेवून वाफवावेत. वरून हिंग-मोहरीची फोडणी घ्यावी. सुमारे २१ ग्रॅम प्रथिने मिळतात. भरड्याच्या रूक्षतेवर तेलाची धार हा उताराच आहे. ती वगळल्यास आध्मान होते.

(ई) मुगाच्या पिठाची पेज : भाजलेल्या मुगाचे पीठ २५ ग्रॅम, पाणी ३०० मिलिलिटर, सुंठ, हिंग व सैंधव. मंद आचेवर शिजवून गरम द्यावी. प्रथिने ६ ग्रॅमच. पण मंदाग्नीच्या रुग्णास ही ६ ग्रॅम पचतात, हेच महत्त्वाचे.

आता आरंभीच्या हिशेबाकडे वळू. त्या स्त्रीने नुसत्या ज्वारीऐवजी तेवढेच २०० ग्रॅम मिश्र पीठ वापरले तर २० ऐवजी सुमारे ३३ ग्रॅम प्रथिने मिळतात. भाताचे ६, वरणाचे ५ आणि भाजलेल्या २० ग्रॅम जवसाच्या चटणीचे ४ ग्रॅम धरून बेरीज ४८ होते. ताटातील पदार्थ जवळजवळ तेच राहिले आणि तूट भरून निघाली.

क्षयरुग्णाचे उदाहरण

यातील गांभीर्य क्षयरोगात अधिक जाणवते. झारखंडमध्ये झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'राशन्स' या अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरातील प्रत्येक प्रौढास दरमहा ५ किलो तांदूळ, १.५ किलो डाळ व सूक्ष्म पोषक गोळ्या दिल्या गेल्या. त्या घरांत क्षयाच्या नव्या रुग्णांचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. हे काम महागड्या डब्याने नव्हे, तांदूळ व डाळीने केले. २०१८ पासून निक्षय पोषण योजनेतून रुग्णास दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. हे पैसे एका डब्यात संपावेत की घरभर पुरणाऱ्या डाळ-पिठात जावेत, हे बहुधा आपल्या एका वाक्यावर ठरते. अर्थात क्षयावरील चालू औषधे कोणत्याही कारणाने थांबवू नयेत, हेही त्याच वाक्यात सांगावे.

सावधानता

मूत्रपिंडाच्या विकारात प्रथिनांची मात्रा तपासण्यांनुसार व तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच ठरवावी. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी व सोयाबीन यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे. सोयाबीन वा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारावे. सहा महिन्यांपर्यंतच्या बालकास केवळ मातेचे दूध. तीव्र कुपोषित बालकास पीठ सुचवून घरी न पाठविता पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवावे.

औषधी-विक्रेत्यांस विनंती

डबा विकताना त्यावरील आकडे ग्राहकास वाचून दाखवावेत. उदाहरणादाखल, ६०० रुपयांच्या ४०० ग्रॅम डब्यात दर १०० ग्रॅमला ३४ ग्रॅम प्रथिने असल्यास १०० ग्रॅम प्रथिनांस सुमारे ४४० रुपये पडतात. १०० रुपये किलोच्या हरभराडाळीतून तेवढ्याच प्रथिनांस सुमारे ४८ रुपये पडतात. डाळीची प्रथिने दुधाच्या प्रथिनांपेक्षा थोडी कमी पचतात हे मान्य केले, तरी अंतर मोठेच राहते. ज्यास चावणे वा गिळणे अशक्य आहे, किंवा ज्यास तज्ज्ञाने डबा लिहून दिला आहे, त्यास तो अवश्य द्यावा. २०२४ च्या राष्ट्रीय आहार-मार्गदर्शक तत्त्वांनीही निरोगी व्यक्तींस प्रथिनांच्या भुकट्या टाळण्याचाच सल्ला दिला आहे.

ज्यांना स्वतः पीठ तयार करून विकावयाचे आहे, त्यांनी अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी वा परवाना घ्यावा. वेष्टनावर घटक, दळल्याची तारीख व वापरण्याची मुदत छापावी. आणि रोग बरा होण्याचा दावा करू नये. पीठ हे अन्न आहे, औषध नव्हे.

निष्कर्ष

प्रथिनांचा ग्रॅममधील हिशेब व अग्नीचा विचार परस्परविरोधी नाहीत. पहिला ताटात काय पडले ते सांगतो; दुसरा त्यातून धातूंपर्यंत काय पोहोचले ते सांगतो. दोन्ही एकाच कागदावर लिहिले गेले पाहिजेत. आपल्या चिकित्सापत्रावर औषधांच्या खाली द्रव्य, संस्कार, मात्रा, काल व निषेध अशा पाच ओळी पिठासाठी राखून ठेवाव्यात, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.