सकाळचे रक्त, दुपारचे रक्त

मल्टिमीटरचे रीडिंग दोनदा वेगळे आले की आपण आधी प्रोब हलवून बघतो, मग मीटरला शिव्या देतो. आमच्या घरी अकोटला तेच झाले, फक्त रीडिंग आईच्या रक्ताचे होते. सकाळी साडेसातला दिलेल्या रक्तात टीएसएच 5.1 निघाले. रिपोर्टवर वरची मर्यादा 4.5, म्हणून आकडा ठळक छापलेला! थायरॉईडची गोळी म्हणजे बहुतेक वेळा जन्मभराची. "मले तं काईच होत नाही, गोळी काहून घेऊ?" आई अडून बसली. चार दिवसांनी एस.टी.ने अकोल्याला गेलो, दुपारी तीनला दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिले. टीएसएच 3.6. बाबांचा निकाल तयार, "पहिल्यानं घोळ केला."

डॉक्टरांनी मात्र आधी विचारले, "रक्त किती वाजता दिलं?" टीएसएच मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते. रात्री दोन ते चारच्या सुमारास ते सर्वात जास्त असते, दुपारी कमी. म्हणजे निरोगी माणसातही हे डीसी नाही, चोवीस तासांची वेव्ह आहे, आणि आपण तिच्यावरचा एकच पॉइंट मोजतो. दोन लॅबची दोन मशिन, त्याचाही थोडा फरक पडतोच.

कॉर्टिसॉल तर सकाळी चढते आणि मध्यरात्री तळाला जाते. रक्तातले लोहही सहसा सकाळी जास्त असते. हिमोग्लोबिनची गंमत वेगळीच. झोपलेला माणूस उठून पंधरा मिनिटे उभा राहिला तर रक्तातले थोडे पाणी पायांकडच्या पेशींभोवती झिरपते, रक्त दाट होते आणि हिमोग्लोबिन वाढलेले दिसते. नवीन रक्त एक थेंबही बनलेले नसते!

आता थोडे गणित. नॉर्मल रेंज साधारणपणे 95 टक्के निरोगी लोक बसतील अशी आखतात. समजा एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या. सगळ्या रेंजमध्ये येण्याची शक्यता 0.95 चा विसावा घात, म्हणजे फक्त 0.36. शंभर धडधाकट माणसांपैकी 64 जणांच्या रिपोर्टवर एखादा तरी ठळक आकडा! खऱ्या चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षात संख्या कमी भरेल. तरी 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिरातीत हे गणित मी कधी वाचले नाही.

आईचे टी-फोर नॉर्मल होते. डॉक्टरांनी गोळी थांबवून ठेवली आणि दोन महिन्यांनी पुन्हा, त्याच पहिल्या लॅबमध्ये, सकाळी साडेसातलाच रक्त द्यायला सांगितले. आले 4.2. बाबा अजूनही म्हणतात, पहिल्यानं घोळच केला होता.