वेबसाइटमधलं ‘इव्हॅल’: चिठ्ठी वाचायची, तिचा हुकूम पाळायचा नाही

व्हिडिओत आपण बुकिंगची वेबसाइट पाहिली. इथे तिच्यातला एक धोका समजून घेऊ. डेव्हलपर तुम्ही नसाल, पण वेबसाइट तुमची आहे, म्हणून हे तुम्हाला माहीत हवं.

समजा, माथेरानमध्ये तुमचं चार खोल्यांचं लॉज आहे. दस्तुरी नाक्यापुढे गाडी येत नाही, म्हणून पाहुणा खोल्या, हमाल, घोडा हे सगळं आधीच फॉर्ममध्ये भरतो. खोल्यांच्या चौकटीत तो 2 लिहितो. वेबसाइट ‘1800*2’ असा मजकूर जोडते आणि जावास्क्रिप्टच्या ‘इव्हॅल’ला देते. उत्तर येतं 3600. मस्त वाटतं ना?

पण इव्हॅल फक्त गणित करत नाही. दिलेला मजकूर ते प्रोग्राम म्हणून चालवतं. वेटरकडे ‘दोन चहा’ अशी चिठ्ठी आली तर तो चहा आणतो. ‘गल्ला उघडून दे’ लिहिलं असेल तर हसून फेकून देतो. इव्हॅल गल्ला उघडतं!

पाहुण्याने स्वतःच्या मोबाइलवर काहीही चालवलं तरी तुमचं फारसं बिघडत नाही. पण तोच मजकूर साठवला गेला, आणि तुम्ही बुकिंगची यादी उघडल्यावर इव्हॅलमधून गेला, तर तो तुमच्या लॉगिनच्या अधिकारात चालतो. बाकीच्या पाहुण्यांचे फोन नंबर बाहेर जाऊ शकतात, दर बदलू शकतात. पीएचपीमध्येही इव्हॅल आहे. तिथे तर कोड थेट सर्व्हरवर चालतो.

मग करायचं काय?

1. आकडा हवा तिथे आकडाच घ्या. ‘नंबर’ फंक्शनने बदला आणि 1 ते 4 मधला पूर्णांक आहे का ते तपासा.
2. साठवलेली माहिती वाचायला ‘जेसन डॉट पार्स’ वापरा. 2009 पासून ते जावास्क्रिप्टच्या मानकातच आहे. ते माहिती वाचतं, कोड चालवत नाही.
3. दर आणि एकूण रक्कम सर्व्हरवरच ठरवा.
4. ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ नीट लावली की ब्राउझर स्वतःच इव्हॅल अडवतो.

आजचा गृहपाठ: डेव्हलपरला फोन करा आणि विचारा, “आपल्या कोडमध्ये इव्हॅल किंवा ‘न्यू फंक्शन’ आहे का? पाहुण्याचा मजकूर तिथपर्यंत पोचतो का?” उत्तर ‘हो’ आलं, तर सीझन सुरू व्हायच्या आत ते काढून घ्या.