आधी बोलणारी माणसं, मग तारा

१. संस्थेचं टेलिफोन एक्स्चेंज केवढं घ्यायचं हे टेबलं मोजून ठरत नाही. एका वेळी किती जण बाहेर बोलतील यावर ठरतं. एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९१७ साली मांडलेलं सूत्र मी आजही वापरतो. शंभरांत एखादाच कॉल अडावा असं धरलं, तर दहा लाइनी एका वेळी सरासरी साडेचार संभाषणं पेलतात, वीस लाइनी मात्र बारा. लाइनी दुप्पट, क्षमता अडीचपटीहून जास्त! पहिल्यांदा तक्त्यात पाहिलं तेव्हा खरंच वाटेना. म्हणून 'आमच्या खात्याला वेगळ्या लाइनी द्या' असं कुणी म्हटलं की मी तो तक्ता पुढे ठेवतो. सामाईक लाइनी सगळ्यांच्याच वाट्याला जास्त येतात.

२. वर्षाची सरासरी फसवी असते. साखर कारखान्याचा अंदाज गळीत हंगामातच घ्यावा. वजनकाटा, शेतकी खातं, तोडणीच्या टोळ्या, सगळ्यांचे फोन एकदमच सुरू होतात. जुलैच्या बिलांवरून हे कळणार नाही.

३. संस्थेत ऑपरेटरबाई असतील तर त्यांच्याशेजारी एक सकाळ बसल्याशिवाय मी नंबरिंग ठरवत नाही. व्यवस्थापनाच्या यादीत पदांची उतरंड असते. फोन त्या उतरंडीने जात नाहीत. रुग्णालयात ते रक्तपेढीकडे जातात, लॅबकडे, अपघात विभागाकडे. रात्री लॅबमध्ये कुणी उचललं नाही तर कॉल कुठे फिरवायचा, हे बाईंना पाठ असतं आणि कुठेही लिहिलेलं नसतं. त्यांची ही जाण हंट ग्रूप (एकाने उचललं नाही तर पुढच्याकडे वाजणारा फोनांचा गट) आणि कॉल फॉरवर्डिंगमध्ये उतरवणं, हेच माझ्या मते या कामाचं खरं डिझाइन. आराखड्यावर त्यांचं नाव कधी येत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

४. अर्थिंग मे महिन्यात मोजावं. पावसाळ्यात ओल्या मातीत रीडिंग सुरेख येतं. पण वळवाच्या विजा कोरड्या जमिनीवर कडाडतात, आणि तारा जोडायच्या क्रोन मॉड्यूलवरच्या, विजेचा झटका जमिनीत सोडणाऱ्या गॅस ट्यूब अर्थिंग चांगलं असेल तरच एक्स्चेंजची कार्डं वाचवतात.

५. बाहेरच्या लाइनीसाठी आधी शून्य दाबायचं, हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. अमेरिकेत २०१३ साली एका हॉटेलात आईवर हल्ला होत असताना लहान मुलगी पुन्हा पुन्हा ९११ हा तिथला आणीबाणीचा नंबर फिरवत राहिली. बाहेरच्या लाइनीसाठी आधी ९ दाबायचा असतो हे तिला ठाऊक नव्हतं. पुढे २०१८ साली तिथे थेट ९११ लागलंच पाहिजे असा कायदा झाला. ही हकिगत वाचल्यापासून, आपला आणीबाणीचा ११२ थेट लागावा म्हणून, मी कोणत्याही एक्स्टेन्शनचा नंबर १ ने सुरू होऊ देत नाही. काम सोपवण्याआधी, कंट्रोल रूमला कळवून, पहारेकऱ्याच्या साध्या फोनवरून शून्याविना ११२ लावून पाहतो. वीज गेली, बॅटरी उतरली, तरी एक लाइन थेट त्याच फोनवर जाईल अशी जोडणीही करून घेतो. कोटेशनमधली या जोडणीची ओळ कुणी खोडायला सांगितली, तर त्याबाबत मी घासाघीस करत नाही.